मोकळ्या जमिनीसाठी घेतलेले पैसे जातात कुठे?

न्यू जर्सीत घर घेतलेल्या माणसाची पहिली काही वर्षे मालमत्ता कराचे बिल पचवण्यातच जातात. 2024मध्ये राज्यातले सरासरी वार्षिक बिल दहा हजार डॉलरच्या वर गेले. त्यातला सगळ्यात मोठा हिस्सा शाळांचा, मग टाउनशिप आणि काउंटीचा. या मोठ्या आकड्यांच्या खाली दोन बारीक ओळी असतात, ‘काउंटी ओपन स्पेस’ आणि ‘म्युनिसिपल ओपन स्पेस’. रक्कम लहान असल्यामुळे तिकडे कोणी फारसे बघत नाही. दर सांगितला जातो तो सेंटमध्ये. घराच्या कर-मूल्यांकनाच्या दर 100 डॉलरमागे 1 सेंट, 2 सेंट, कुठे त्याहून जास्त. सहा लाखांचे मूल्यांकन असलेल्या घराला 2 सेंटच्या दराने वर्षाला 120 डॉलर पडतात.

पण गावाचा हिशेब मांडला की हीच ओळ मोठी होते. एखाद्या टाउनशिपमधल्या सगळ्या मालमत्तांचे मूल्यांकन 500 कोटी डॉलर धरले, तर 2 सेंटच्या दराने दरवर्षी दहा लाख डॉलर जमा होतात. हे पैसे वेगळ्या निधीत ठेवावे लागतात, पोलिसांच्या पगाराला किंवा रस्त्यावरचा बर्फ काढायला वापरता येत नाहीत. राज्यातल्या सर्व 21 काउंटींत आणि दोनशेहून अधिक गावांत हा कर आहे, आणि प्रत्येक ठिकाणी तो मतदारांनी सार्वमतात स्वतःहून लावून घेतला आहे. कराला एरवी नाक मुरडणारा मतदार इथे हो म्हणतो, कारण त्याला डोळ्यांसमोर शेत दिसत असते आणि त्या शेतावर उद्या काय उभे राहील हेही दिसत असते. म्हणूनच, एकदा हो म्हटल्यावर ते पैसे नेमके कशावर खर्च होतात, हे त्याने तितक्याच आस्थेने पाहायला हवे.

या कराच्या मुळाशी एक विमानतळ आहे. डिसेंबर 1959मध्ये न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या बंदर प्राधिकरणाने मॉरिस काउंटीतल्या ‘ग्रेट स्वॅम्प’ या दलदलीवर भला मोठा जेटपोर्ट बांधायची योजना जाहीर केली. हेलन फेन्स्की आणि त्यांच्यासारख्या स्थानिक रहिवाशांनी दहा लाखांहून अधिक डॉलर उभे केले, सुमारे 3,000 एकर जमीन विकत घेतली आणि केंद्र सरकारला देऊन टाकली. नोव्हेंबर 1960मध्ये तिथे वन्यजीव अभयारण्य झाले. जमीन वाचवायची तर निवेदने पुरत नाहीत, ती विकत घ्यावी लागते, हा धडा सगळ्या राज्याला मिळाला. पुढच्याच वर्षी, 1961मध्ये, मतदारांनी 6 कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली आणि ‘ग्रीन एकर्स’ ही राज्याची योजना सुरू झाली. गावांना आणि काउंटींना स्वतःचा कर लावायची मुभा 1989च्या कायद्याने दिली. 1998मध्ये ख्रिस्टीन टॉड व्हिटमन गव्हर्नर असताना राज्यघटनेत दुरुस्ती होऊन दहा वर्षे दरसाल 9.8 कोटी डॉलर यासाठी राखून ठेवण्यात आले.

न्यू जर्सी यात एकटी नाही, पहिलीही नाही. कोलोरॅडोतल्या बोल्डर शहराने 1967मध्येच विक्रीकरात 0.4 टक्क्यांची भर घालून डोंगरपायथ्याच्या जमिनी घ्यायला सुरुवात केली. आज त्या शहराकडे 45 हजारांहून अधिक एकर आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या नॅन्टकेट बेटाने 1983मध्ये वेगळा मार्ग काढला. तिथे घर विकत घेणाऱ्याने किमतीच्या 2 टक्के रक्कम जमीन निधीत भरायची. ज्या व्यवहारामुळे बेटावरची जमीन महागते, त्याच व्यवहारातून जमीन वाचवायचे पैसे येतात. लाँग आयलंडच्या पूर्व टोकाच्या पाच गावांनी 1998मध्ये हाच 2 टक्क्यांचा नियम उचलला आणि बटाट्याची शेते व श्रीमंतांचे बंगले शेजारीशेजारी असलेल्या त्या भागात आजवर शंभर कोटींहून अधिक डॉलर जमले. सप्टेंबर 2000मध्ये मॅसॅच्युसेट्सने सगळ्या राज्यासाठी कायदा केला, त्याकडे पुढे येतोच.

आता खर्चाकडे. न्यू जर्सीच्या प्रत्येक टाउनशिपला वार्षिक अंदाजपत्रक राज्याने ठरवून दिलेल्या नमुन्यात भरावे लागते. त्यातले 43 क्रमांकाचे पान या निधीचे असते. टाउनशिपच्या संकेतस्थळावर ते मिळते, आणि माझ्या मते गावाचा खरा स्वभाव या एका पानावर कळतो. डाव्या बाजूला जमा दाखवलेली असते, म्हणजे करातून किती आले, व्याज किती, मागची शिल्लक किती. उजव्या बाजूला खर्चाची खाती. मनोरंजन आणि संवर्धनासाठी जमिनींचा विकास, त्या जमिनींची देखभाल, ऐतिहासिक वास्तूंचे जतन, मनोरंजन आणि संवर्धनासाठी जमीन खरेदी, शेतजमीन खरेदी, सुधारणांसाठी आगाऊ रक्कम, कर्जाचे मुद्दल, कर्जाचे व्याज आणि शेवटी ‘भविष्यातील वापरासाठी राखीव’. पानाच्या कोपऱ्यात एक लहान चौकट असते. सार्वमत कोणत्या वर्षी झाले, दर किती, आजवर किती कर गोळा झाला, किती खर्च झाला आणि किती एकर राखले. गोळा झालेल्या कराला राखलेल्या एकरांनी भागून पाहावे. गणित ढोबळ आहे, कारण काउंटीचे आणि राज्याचे पैसे त्यात दिसत नाहीत, पण कौन्सिलला विचारायचा पहिला प्रश्न त्यातून हाती येतो.

या पानावर बहुतेकांची नजर ‘जमीन खरेदी’च्या ओळीवर जाते, आणि तिथे बऱ्याचदा शून्य असते. लगेच समज होतो की गावाने काही घेतलेच नाही. खरी गोम कर्जाच्या ओळींत असते. जमीन बाजारात आली की ती गावाच्या सोयीने थांबत नाही. शेतकरी वारतो, मुले दुसऱ्या राज्यात असतात, त्यांना वाटणी हवी असते आणि डेव्हलपरचा देकार टेबलावर असतो. गावाकडे दहा लाख शिल्लक आणि जमीन ऐंशी लाखांची. अशा वेळी गाव कर्जरोखे काढते. उदाहरणादाखल, ऐंशी लाखांतले निम्मे ‘ग्रीन एकर्स’कडून अनुदान म्हणून मिळाले, वीस लाख काउंटीने दिले, तर उरलेल्या वीस लाखांचे रोखे गावाचे. वीस वर्षांची मुदत आणि 4 टक्के व्याज धरले, तर वर्षाला दीड लाखाच्या आसपास हप्ता जातो. म्हणजे आज कर्जाच्या ओळीत दिसणारा आकडा पंधरा वर्षांपूर्वी वाचवलेल्या शेताचा असू शकतो. व्याज धरून वीस लाखांचे साधारण तीस लाख होतात, हे खरे. पण ती जमीन त्या वर्षी घेतली नसती, तर नंतर कोणत्याही भावाला मिळाली नसती. या कामासाठी कर्ज काढणे मला पूर्ण समर्थनीय वाटते.

‘ग्रीन एकर्स’चे हे निम्मे अनुदान सहज मिळत नाही. गावाने स्वतःचा कर लावलेला असावा लागतो आणि मोकळ्या जागांचा व मनोरंजनाचा आराखडा राज्याकडून मंजूर करून घ्यावा लागतो. त्यानंतर मूल्यांकन तज्ज्ञांचे अहवाल, मोजणी, मालकी हक्काचा शोध आणि पर्यावरणीय तपासणी. ही शेवटची पायरी नुसती औपचारिक नाही. न्यू जर्सीत जुन्या सफरचंदाच्या बागांवर अनेक दशके शिसे आणि आर्सेनिक असलेले कीटकनाशक फवारले जात होते. ते मातीत अजून आहे. शेतघराखाली तेलाची गंजलेली टाकी निघते. कोणी, कोणत्या पैशाने साफ करायचे यावर वाटाघाटी महिनोन्‌महिने चालतात. इथे खासगी जमीन न्यासांचे महत्त्व कळते. प्रिन्स्टनमधला 1989मध्ये स्थापन झालेला डी अँड आर ग्रीनवे किंवा ग्रेट स्वॅम्पच्या लढ्यातून वाढलेले न्यू जर्सी कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन यांच्याकडे शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून वर्षानुवर्षे बोलायला माणसे असतात. कौन्सिल निवडणुकीगणिक बदलते. न्यासाचा माणूस तोच राहतो.

या मेहनतीचे फळ म्हणजे ती जमीन पुढे विकता येत नाही. गावाने एकदा ‘ग्रीन एकर्स’चे पैसे घेतले, की त्या गावाच्या ताब्यातली सगळी मनोरंजन आणि संवर्धनाची जमीन ब्लॉक आणि लॉट नंबरासह एका यादीत जाते. त्या यादीतला तुकडा उद्या शाळेला, अग्निशमन केंद्राला किंवा पार्किंगला द्यायचा झाला, तर राज्याच्या पर्यावरण आयुक्तांची आणि स्टेट हाउस कमिशनची मंजुरी लागते, बदली जमीन द्यावी लागते. पुण्यामुंबईत मैदानावरचे आरक्षण हळूहळू बदलत कसे नाहीसे होते हे पाहिलेल्या माणसाला या यादीचे मोल सांगायला नको. प्लेन्सबरोमधले सुमारे हजार एकरांचे ‘प्लेन्सबरो प्रिझर्व्ह’, त्यातले मोठे तळे आणि भोवतीचे जंगल टाउनशिप, काउंटी आणि न्यू जर्सी ऑडुबॉन यांच्या भागीदारीतून राखले गेले. आसपासच्या गावांतली कितीतरी मराठी कुटुंबे रविवारी तिथे फिरायला जातात.

शेतजमिनीचे गणित वेगळे आहे. तिथे गाव बहुधा जमीन घेतच नाही, फक्त तिच्यावर बांधकाम करण्याचा हक्क विकत घेते. जमिनीची शेती म्हणून किंमत किती आणि घरे बांधायला विकली तर किती, यांतला फरक शेतकऱ्याला मिळतो. दस्त कायमचा होतो. शेत त्याच्याच नावावर राहते, तो ते विकू शकतो, पण घेणाऱ्यालाही ते शेत म्हणूनच ठेवावे लागते. अशा रीतीने राज्यात दोन लाखांहून अधिक एकर शेती राखली गेली आहे. सरकारी पैशाचा इतका चांगला उपयोग थोड्या ठिकाणी दिसतो, कारण देखभाल शेतकरी करतो, कर तोच भरतो आणि गावाला मका, भोपळे, टोमॅटो मिळतात. तक्रार एवढीच की अशा शेतावर लोकांना पाय ठेवायचा हक्क नसतो. सार्वमताच्या वेळी ‘मोकळी जागा’ हे शब्द वाचून ज्याने पायवाटेची कल्पना केली, त्याला नंतर फसल्यासारखे वाटते. हे आधीच नीट सांगायला हवे.

सगळ्यात जास्त वाद होतो तो विकास आणि देखभालीच्या ओळींवर. न्यू जर्सीचा कायदा दोन्हींना परवानगी देतो, सार्वमताच्या मजकुरात तसे लिहिलेले असले म्हणजे झाले. बऱ्याच गावांनी सुरुवातीला फक्त खरेदीसाठी कर मागितला आणि पुढे पुन्हा मतदारांकडे जाऊन मैदाने, दिवे, देखभाल यांची भर घातली. त्यामागची गरज खोटी नाही. गावात मुले वाढली, फुटबॉल आणि लॅक्रॉसचे संघ मैदानासाठी रांगेत उभे आहेत. मध्य जर्सीतल्या अनेक गावांच्या उद्यानांत आता क्रिकेटच्या खेळपट्ट्या झाल्या आहेत, त्यासाठी आपल्याच लोकांनी कौन्सिलच्या सभांना चिकाटीने हजेरी लावली. त्या मागणीत काहीही गैर नाही. पण कृत्रिम गवताचे एक मैदान आठ-दहा वर्षांत झिजते, त्यावरचा थर उचलून टाकावा लागतो आणि पुन्हा तेवढाच खर्च येतो. कायमस्वरूपी जमिनीसाठी घेतलेला कर दहा वर्षांच्या वस्तूवर जातो.

मॅसॅच्युसेट्सने इथे स्पष्ट रेघ मारली. तिथल्या कायद्यानुसार गाव मालमत्ता करावर 3 टक्क्यांपर्यंत अधिभार लावते. घराच्या किमतीतले पहिले एक लाख डॉलर आणि कमी उत्पन्नाची घरे वगळण्याची सोय असते. राज्य सरकार जमिनीच्या नोंदणी शुल्कातून आपला वाटा घालते, आणि नोंदणी शुल्कातली ही रक्कम 20 डॉलरवरून 50 डॉलर झाली ती 2019च्या अखेरीस. जमलेल्या पैशांतले किमान 10 टक्के मोकळ्या जागांवर, 10 टक्के ऐतिहासिक जतनावर आणि 10 टक्के परवडणाऱ्या घरांवर खर्च करावे किंवा त्यांसाठी राखून ठेवावेच लागतात. उरलेले 70 टक्के गाव आपल्या मर्जीने यांतच किंवा मनोरंजनावर वाटते. नित्याच्या देखभालीवर मात्र एक पैही चालत नाही. 2012च्या दुरुस्तीने जुन्या मैदानांच्या नूतनीकरणाला मुभा दिली, पण त्याच दुरुस्तीत कृत्रिम गवताच्या खरेदीला मनाई केली. पाच ते नऊ जणांची समिती शिफारस करते आणि खर्चाचा एकेक प्रस्ताव नगरसभेपुढे येतो, लहान गावांत तर मतदार प्रत्यक्ष सभागृहात हात वर करून त्यावर मत देतात. बोस्टननेही 2016च्या निवडणुकीत हा कायदा स्वीकारला.

मला मॅसॅच्युसेट्सची ही मनाई योग्य वाटते, पण पूर्ण मनाईचाही तोटा आहे. घेतलेली जमीन तशीच सोडून दिली तर ती जंगल राहत नाही. न्यू जर्सीच्या रानांत हरणे इतकी झाली आहेत की ओक आणि मेपलची रोपे गुडघ्याएवढीही होऊ शकत नाहीत. खाली जपानी बार्बेरी आणि स्टिल्टग्रास पसरते, त्यात गोचिडी वाढतात. पन्ना रंगाच्या एका पोखरकिड्याने राज्यातले अ‍ॅश वृक्ष हजारोंनी मारले आहेत, आणि पायवाटेवर वाकलेला प्रत्येक मेलेला अ‍ॅश क्रेन लावून काढावा लागतो. जुने धरण असलेले तळे घेतले, तर धरणाची तपासणीही गावाच्या गळ्यात येते. अशा कामाला पैसा लागतोच. माझ्या मते रानाची निगा आणि मैदानाचे गवत कापणे यांत फरक केला पाहिजे. पहिल्यासाठी या निधीतला ठरावीक, मर्यादित हिस्सा द्यावा. दुसरे काम टाउनशिपच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातून व्हावे. आज अनेक ठिकाणी उलटे होते. अंदाजपत्रकात तूट आली की उद्यान विभागातल्या कर्मचाऱ्यांचा पगार हळूच 43व्या पानावर सरकतो. कायद्याने ते चालते, म्हणून कोणी हरकत घेत नाही.

हाच प्रश्न राज्याच्या पातळीवरही आला. 2014च्या सार्वमतात कंपन्यांवरील कराचा ठरावीक हिस्सा जमीन संवर्धनाला देण्याची घटनादुरुस्ती मंजूर झाली. त्या हिश्श्यातून आधी पाण्याची तपासणी, विषारी जागांची सफाई आणि राज्य उद्यानांची बांधकामे चालत होती. नवी जमीन घ्यायला पैसे मिळाले, पण आधीच्या जमिनी सांभाळण्याचे कमी झाले. पर्यावरणवाद्यांमध्येच यावरून फूट पडली होती.

ऐतिहासिक वास्तूंच्या ओळीतून एक खटला उभा राहिला. मॉरिस काउंटीने आपल्या निधीतून 2012 ते 2015 या काळात बारा चर्चना जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी 46 लाख डॉलर दिले. करदात्यांच्या पैशातून प्रार्थनास्थळाची डागडुजी करता येत नाही, असे सांगत न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2018मध्ये ही अनुदाने एकमताने बेकायदा ठरवली. राज्यघटनेतल्या ज्या कलमावर निकाल टेकला, त्याचे मूळ 1776च्या घटनेत आहे. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयानेही अ‍ॅक्टन गावच्या चर्चच्या रंगीत काचांच्या अनुदानाला चाप लावला. शेताच्या नावाने गोळा केलेला कर देवळाच्या काचांपर्यंत कसा पोहोचतो हे या खटल्यांत दिसले. निधीचे हेतू जितके सैल लिहावेत तितका तो दूर भटकतो.

यापुढचा मुद्दा सगळ्यात अवघड, आणि संवर्धनाच्या बाजूच्या लोकांना न आवडणारा. न्यू जर्सीत शाळा मालमत्ता करावर चालतात. नवी वसाहत आली की मुले येतात, मुले आली की वर्ग वाढवावे लागतात. अमेरिकन फार्मलँड ट्रस्टने अनेक गावांच्या जमाखर्चाचे अभ्यास एकत्र केले. त्यांत घरांकडून मिळालेल्या प्रत्येक डॉलरमागे गावाचा डॉलरहून थोडा जास्त खर्च होतो आणि शेतजमिनीमागे चाळीस सेंटही होत नाहीत, असा साधारण निष्कर्ष निघतो. कौन्सिलच्या सभेत हा हिशेब हमखास मांडला जातो. त्याचा सरळ अर्थ असा की जमीन घेऊन टाका, म्हणजे शाळेत येणारी मुले टळतील. इथे मोकळ्या जागेचे प्रेम आणि नव्या माणसाला दाराबाहेर ठेवण्याची इच्छा एकमेकांत मिसळतात.

माउंट लॉरेल या गावाचे नाव यासाठी दोनदा इतिहासात गेले. इथेल लॉरेन्स या कृष्णवर्णीय शिक्षिकेचे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या त्या गावात राहत होते, पण कमी उत्पन्नाच्या लोकांना परवडतील अशी घरे बांधायला गावाची नियमावली परवानगी देत नव्हती. 1975 आणि 1983च्या निकालांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की प्रत्येक गावाने परवडणाऱ्या घरांचा आपला न्याय्य वाटा उचललाच पाहिजे. त्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी त्याच गावाने घरांचा प्रकल्प येऊ घातलेली जमीन मोकळी जागा म्हणून सक्तीने संपादित केली. बिल्डर न्यायालयात गेला. 2006मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. विकासाला आळा घालणे हा उद्देश असला, तरी मोकळ्या जागेसाठी संपादन वैध आहे. इथेल लॉरेन्स यांच्या नावाची परवडणारी वसाहत त्याआधीच उभी राहिली होती. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा शेजारच्या घरांच्या किमती पडल्या नव्हत्या आणि गुन्हेही वाढले नव्हते. ज्या भीतीपोटी जमिनी घेतल्या जातात, ती भीती किती पोकळ असते हे त्यातून कळते.

बोल्डरने पन्नासहून अधिक वर्षे जमिनी घेतल्या, शहराभोवती सुंदर हिरवा पट्टा झाला, आणि आत घरे इतकी महाग झाली की तिथे काम करणारे हजारो लोक दूरच्या गावांतून गाडी चालवत येतात. हे टाळायचे तर जमीन आणि घरे यांचा विचार एकाच टेबलावर व्हायला हवा. मॅसॅच्युसेट्सने एकाच निधीत दोन्हींना सक्तीचा वाटा देऊन ते केले. लाँग आयलंडच्या पूर्व टोकावरच्या पाचपैकी चार गावांनी नोव्हेंबर 2022मध्ये 2 टक्क्यांच्या जोडीला अर्धा टक्का घरांसाठी मंजूर केला. न्यू जर्सीने या दोन्ही रस्त्यांकडे अजून गांभीर्याने पाहिलेले नाही, आणि आपल्या लोकांनीही याचा विचार करावा असे मला मनापासून वाटते. आपण स्वतः वीस-तीस वर्षांपूर्वी अशाच एखाद्या नव्या वसाहतीत येऊन राहिलो, त्या जागीही आधी शेत होते.

शहरांत घेण्याजोगे शेतच नसते. तिथे हा पैसा पडीक आणि विषारी जमिनींवर जातो, आणि मला तो खर्च सगळ्यात जास्त भावतो. नुअर्कच्या मध्यवस्तीत तीस वर्षांहून अधिक काळ ओसाड पडलेल्या जागेवर 2009मध्ये नऊ एकरांचे नॅट टर्नर पार्क झाले. जर्सी सिटीत क्रोमियमने दूषित झालेली जुनी रेल्वेची जमीन साफ करून 2016मध्ये बेरी लेन पार्क उघडले. होबोकेनने 2023मध्ये पूर्ण केलेल्या पाच एकरांच्या उद्यानात खेळाच्या मैदानांखाली आणि भोवती सुमारे वीस लाख गॅलन पावसाचे पाणी साठते. तिथे एक एकर तयार करायला लागणाऱ्या पैशात पश्चिम जर्सीत कितीतरी शेते राखता येतील, असा युक्तिवाद नेहमी होतो. पण त्या एकरावर रोज संध्याकाळी किती मुले येतात हे मोजले, तर हिशेब फिरतो. एकर हे एकच माप घेऊन चालत नाही.

पूर येणाऱ्या जमिनीचा प्रकार अगदी निराळा आहे. राज्याची ‘ब्लू एकर्स’ योजना 1995पासून आहे. 2012च्या सँडी वादळानंतर वुडब्रिज टाउनशिपमध्ये शंभराहून अधिक घरे तिच्यातून विकत घेऊन पाडण्यात आली आणि जमीन पाणथळीला परत दिली. आपल्याला वुडब्रिज माहीत असते ते इसेलिनच्या ओक ट्री रोडमुळे, साड्यांची दुकाने, मिठाई, किराणा यांमुळे. त्याच टाउनशिपच्या एका टोकाला रस्ते आणि फुटपाथ उरले आहेत पण घरे नाहीत. तिथे मालकाच्या मर्जीनेच घर घेतले जाते, सक्ती नाही. जे राहतात त्यांच्यासाठी रस्ता, दिवा, गटार चालूच ठेवावे लागते. 2021च्या आयडा वादळानंतर मॅनव्हिलसारख्या गावांत हाच प्रश्न पुन्हा आला.

महाराष्ट्राशी याचा एक धागा थेट जुळतो. बांधकामाचा हक्क जमिनीपासून सुटा करून दुसरीकडे वापरायचा, ही कल्पना अमेरिकेतली. न्यू जर्सीच्या पाइनलँड्समध्ये 1980च्या दशकाच्या सुरुवातीपासून ती चालू आहे, आणि मुंबईने 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीत टीडीआर म्हणून घेतली. पण इकडे टीडीआरच्या शेजारी रोख पैशाचा, मतदारांनी मंजूर केलेला निधी असतो. तिकडे तो नाही. पुण्याच्या समाविष्ट गावांतल्या साडेनऊशेहून अधिक हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण पडले, 2015मध्ये मोबदला म्हणून 8 टक्के टीडीआर ठरला, जमीनमालकांना तो तुटपुंजा वाटला आणि बरीचशी जमीन ताब्यात आली नाही. महाराष्ट्राच्या नगररचना (एमआरटीपी) कायद्याच्या 127व्या कलमाखाली मालकाने खरेदीची नोटीस द्यायची आणि पालिकेने पैसे नाहीत म्हणून हात वर करायचे, हे तर मैदानांच्या पाचवीला पुजलेले. नकाशावर हिरवा रंग भरला तरी त्याचे पैसे कोण देणार हा प्रश्न उरतोच. बाणेर किंवा कोथरूडच्या सोसायटीत राहणाऱ्याला वर्षाला काही शे रुपये टेकडीसाठी देशील का असे कोणी थेट विचारलेले नाही. विचारले तर उत्तर काय येईल, याबद्दल मी आशावादी आहे.

न्यू जर्सीत आता नवा प्रश्न येऊन ठेपला आहे. पूर्वेकडच्या बऱ्याच गावांत घेण्यासारखी जमीनच उरलेली नाही. उरलेल्या शेतांवर गोदामे बांधणाऱ्या कंपन्यांचा डोळा आहे आणि त्यांचे भाव गावाला झेपत नाहीत. कर चालू आहे, ‘भविष्यातील वापरासाठी राखीव’ची ओळ फुगत चालली आहे, आणि साठलेल्या रकमेकडे पाहून कोणी तरणतलाव सुचवतो, कोणी दर कमी करा म्हणतो. माझे म्हणणे असे, की दर कमी करू नये. बंद पडणारे गोल्फ कोर्स, चर्चमागची रिकामी जमीन, ओढ्याकाठचे चिंचोळे लॉट, पुरातली घरे यांची यादी गावाने आजच करावी आणि राखीव रक्कम त्यांच्यासाठी हाताशी ठेवावी, कारण असे लॉट बाजारात आले की आठवडेच मिळतात. जिथे खरोखर काही घेण्यासारखे नाही, तिथे हेतू बदलण्यासाठी पुन्हा मतदारांकडे जावे.

टाउनशिपचे अंदाजपत्रक बहुतेक ठिकाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडले जाते आणि वसंतात त्यावर जाहीर सुनावणी होते. तिथे बोलायला नागरिकत्व लागत नाही, ग्रीन कार्ड लागत नाही, गावात राहणे पुरते. सार्वमताचा प्रश्न नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर आणायचा, तर कौन्सिलचा ठराव उन्हाळ्यातच व्हावा लागतो.